मनाच्या वेशीवरचा पहारा



या मालिकेत एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो. "भाऊ, मी प्रार्थना करतो, मंडळीत जातो, रोज पवित्र शास्त्र वाचतो. तरी मनात घाणेरडे विचार येतात, रागाचे येतात, भीतीचे येतात. मग माझा विश्वास खरा आहे का?" विचारणारा बहुधा आवाज खाली करून विचारतो, कारण त्याला वाटते हे फक्त त्याच्याच बाबतीत घडते. आजचा विषय त्याच्यासाठी आहे.

पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा 4 था अध्याय उघडा. 6 व्या वचनात तो सांगतो की काळजी करत बसू नका, तर उपकारस्तुतीसह आपल्या मागण्या देवाला कळवा. मग 7 व्या वचनात अभिवचन येते: देवाची शांती तुमची अंतःकरणे आणि तुमचे विचार राखील. इथे 'राखणे' यासाठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे, तो फौजेचा आहे. 'फ्रूरेओ' म्हणजे शिबंदी ठेवून पहारा करणे. हाच शब्द पौलाने करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, 11:32 मध्ये वापरला आहे. दिमिष्कात अरीतास राजाच्या अधिकाऱ्याने पौलाला पकडण्यासाठी नगरावर पहारा बसवला होता, त्या प्रसंगी.

फिलिप्पैच्या लोकांना हा शब्द समजावून सांगावा लागला नसणार. इ.स.पूर्व 42 मध्ये त्याच गावाजवळ अँटनी आणि ऑक्टेव्हियन यांनी ब्रूटस व कॅशियस यांचा पराभव केला, आणि त्यानंतर रोमी सैन्यातल्या निवृत्त शिपायांना तिथे जमिनी देऊन वसवले. आपल्या भाषेत माजी सैनिकांची वसाहतच. शिवाय पौल हे पत्र लिहीत होता तेव्हा तो स्वतः बंदिवासात होता. पहारा म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यालाही माहीत होते आणि वाचणाऱ्यांनाही.

मी आयुष्याची बरीच वर्षे फौजेत काढली, म्हणून पहाऱ्याविषयी दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. रस्त्यावरून कोण येईल, हे संत्र्याच्या हातात नसते. दूधवाला येईल, वाट चुकलेला गावकरी येईल, शत्रूही येईल. कोणी आला म्हणून संत्र्याला शिक्षा होत नाही. शिक्षा होते ती न विचारता आत सोडल्याबद्दल. अंधारात चाहूल लागली की तो ओरडतो, "थम! कौन आता है?" मग परवलीचा शब्द विचारतो. ओळख पटली तर वाट मोकळी, नाही तर तिथेच थांबायचे.

विचारांचेही असेच आहे. विचार मनाच्या वेशीवर येणे हे पाप नव्हे. त्याला घरात घेऊन पाट मांडून जेवायला बसवणे, तिथून पाप सुरू होते. याकोबाच्या पत्रात 1:14-15 मध्ये हा क्रम दिला आहे: आधी वासना ओढते, मग ती गर्भवती होते, मग पाप जन्मते. म्हणजे मधे वेळ असतो. आपला पहारा त्या वेळेत असतो. आपल्या प्रभूपुढेही रानात मोह आले, सैतान येऊन बोलला. पण प्रभू निष्पाप राहिला. मोह येणे हेच पाप असते, तर इब्री लोकांस पत्राचे 4:15 लिहिता आले नसते.

चौथ्या शतकात इव्हाग्रियस नावाचा एक साधू मिसरच्या वाळवंटात राहत होता. तो आपल्या शिष्यांना सांगे की मनाचे द्वारपाल व्हा आणि येणाऱ्या प्रत्येक विचाराला यहोशवाचा प्रश्न विचारा. यरीहोजवळ हाती तलवार घेतलेला पुरुष दिसला, तेव्हा यहोशवाने विचारले होते की तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या? हा प्रश्न आजही कामाचा आहे, कारण शत्रू स्वतःच्या गणवेशात क्वचितच येतो. काळजी 'जबाबदारी' हे नाव सांगून येते. सूडबुद्धी 'न्यायाची चाड' म्हणून येते. चहाडी तर "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं" असे म्हणत येते. आम्हा निवृत्त माणसांकडे जुने हिशेब येतात: कोणाला बढती मिळाली, कोणी श्रेय लाटले. रात्री अकराला, मोबाईल हातात असताना, दुसऱ्याच्या सुखाचे फोटो बघताना हे पाहुणे हटकून येतात. तेव्हा विचारा, "तू कोणाच्या बाजूचा? तुला आत घेतले तर मी देवाच्या आणि माझ्या माणसांच्या जवळ जाईन की दूर?"

आता त्या खालच्या आवाजात विचारणाऱ्या भावाकडे येतो. जॉन बन्यनचे 'यात्रिकक्रमण' आपल्या मराठी मंडळ्यांत जुन्या पिढीच्या घरोघरी असे. त्याचे मराठी भाषांतर 1841 चे. हा बन्यन तरुणपणी इंग्लंडच्या यादवी युद्धात एका ठाण्याच्या शिबंदीत शिपाई होता. पुढे कित्येक दिवस देवनिंदेचे विचार त्याच्या मनावर नको असताना आदळत राहिले. त्याने ते आपल्या आत्मवृत्तात मोकळेपणाने लिहिले आहे. यात्रिकाच्या गोष्टीतही मृत्युच्छायेच्या दरीत एक दुष्ट मागून येऊन ख्रिस्ती यात्रिकाच्या कानात देवनिंदा कुजबुजतो, आणि बिचाऱ्या यात्रिकाला वाटते की हे आपल्याच मनातून निघाले. लक्षात घ्या, तो विचार त्याला नको आहे, त्याचे त्याला दुःख आहे. हे दुःखच सांगते की पहारेकरी जागा आहे. शत्रूला सामील झालेला संत्री घाबरत नाही.

अशा विचाराशी झोंबत बसू नका. "हे मनात येताच कामा नये" म्हणत बसलो की तेच अधिक येते. प्रभूने रानात वाद घातला नाही. तिन्ही वेळा अनुवादातले एक एक वचन सांगितले आणि पुढे गेला. त्यासाठी वचन आधी पाठ हवे. परवलीचा शब्द पहाऱ्यावर उभे राहण्याआधी घ्यायचा असतो, शत्रू समोर आल्यावर नाही.

आणि जागा रिकामी ठेवू नका. 7 व्या वचनानंतर लगेच 8 वे येते. जे सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध, सुंदर आणि प्रशंसनीय आहे त्याचे मनन करा, असा त्याचा आशय आहे. रिकाम्या ठाण्यात कोणीही शिरतो.

दुसरी गोष्ट. एकच संत्री रात्रभर उभा करत नाहीत. साधारण दोन तास पहारा, मग बदली. आणि हाक मारली की धावून येईल अशी गार्ड मागे असते. 7 वे वचन पुन्हा पाहा. नीतिसूत्रे 4:23 मध्ये अंतःकरण राखण्याची आज्ञा आपल्याला आहे, पण इथे राखणारी देवाची शांती आहे. आपण हाक मारायची, पहारा त्याचा. गेथशेमाने बागेत प्रभूनेही तीन सोबती जवळ घेतले होते. मग आपण एकट्याने का झुंजावे? एक विश्वासू भाऊ किंवा बहीण निवडा आणि त्यांना खरे सांगा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तेच विचार दिवसभर थांबत नसतील, झोप उडाली असेल, किंवा जीव द्यावा असे वाटत असेल, तर पाळकांबरोबर डॉक्टरांनाही भेटा. भारत सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर आहे. जखमी शिपायाला कोणी भित्रा म्हणत नाही. त्याला दवाखान्यात नेतात. वैद्याकडे जाणे म्हणजे अविश्वास नव्हे.

या आठवड्यात एवढे करा. फिलिप्पै 4:6-8 पाठ करा. रात्री झोपण्यापूर्वी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. दिवसभरात जो विचार सर्वांत जास्त वेळा वेशीवर आला, त्याचे नाव घेऊन तो देवाला सांगा. नाव घेताना लाजू नका. त्याला आधीच माहीत आहे.

चला, प्रार्थना करू या. हे प्रभू, आमच्या मनाची वेस आम्ही तुझ्या स्वाधीन करतो. जे आत येऊ नये ते ओळखण्याची बुद्धी दे. आम्ही थकू तेव्हा तू जागा राहा. जो आज एकटा झुंजत आहे, त्याच्याजवळ उभा राहा. येशूच्या नावाने मागतो. आमेन.