मिस्सेत तान्ह्या बाळालाही जागा हवी

आठवडाभर शेतात राबून रविवारी आई मूल कडेवर घेऊन मिस्सेला येते. मूल रडू लागले की चार माना मागे वळतात आणि ती बिचारी बाहेर उन्हात जाऊन उभी राहते. असे दोन-तीनदा झाले की ती यायचे सोडते. मागोमाग थोरली मुलेही दुरावतात.

वास्तविक सात वर्षांखालील मुलांना रविवारच्या मिस्सेचे बंधन नाही. तान्ह्या मुलाच्या संगोपनात अडकलेल्या आईलाही सूट आहे. तरी ती येते ती श्रद्धेने. मुलांच्या मिस्सेविषयी १९७३ साली रोमहून निघालेल्या मार्गदर्शिकेत एक चांगली तोड सुचवली आहे: अगदी लहानग्यांना कोणीतरी वेगळ्या जागी सांभाळावे आणि शेवटी आशीर्वादासाठी आत आणावे. जानेवारी २०१४ मध्ये सिस्टीन चॅपेलमधील बाप्तिस्म्याच्या वेळी पोप फ्रान्सिस यांनी मातांना सांगितले, की बाळ भुकेले असेल तर इथेच पाजा.

आपल्या गावी खर्चाविना पुढील गोष्टी करता येतील.

१. बाजूच्या दाराजवळचे दोन बाक लेकुरवाळ्यांसाठी ठेवावेत. शेजारी सतरंजी अंथरावी. पाजण्यासाठी सावलीचा आडोसा असावा.

२. झाकलेल्या माठात उकळून गार केलेले पाणी व लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. मात्र सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला पाणीही देऊ नये. उन्हाळ्यातसुद्धा आईचे दूध पुरते.

३. मूल गप्प बसावे म्हणून शेंगदाणे, फुटाणे किंवा दानाचे नाणे हाती देऊ नये. श्वासनलिकेत अडकल्यास जीव जातो. केळे किंवा मऊ पोळीचा तुकडा द्यावा.

४. औषध फवारलेल्या कपड्यांनी येऊन बाळाला उचलू नये. अंघोळ करून, कपडे बदलूनच यावे.

५. खोकला-सर्दी असलेल्यांनी बाळांचे मुके घेऊ नयेत.

सर्वांत मोठे काम मात्र शेजारच्या बाकावरील माणसाचे आहे. मूल रडले तर कपाळाला आठ्या न घालता, ‘दे गं, मी घेते जरा,’ एवढे म्हणावे. रोपाला पहिल्या दिवसांत सावली दिली तरच ते जोम धरते, हे शेतकऱ्याला का सांगावे लागते?