जमिनीवरून उठता येते का?

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महानुभाव पंथाची काशी म्हणतात. श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य इथलेच, म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिले तेही इथेच, आणि आता मराठी भाषा विद्यापीठही याच गावात आले आहे. यात्रेकरू एका स्थानाकडून दुसऱ्या स्थानाकडे पायी जातात, ओट्यापुढे दंडवत घालतात, उठतात आणि पुढे चालू लागतात. त्यांत सत्तरी ओलांडलेल्या बायाही असतात. व्यायाम म्हणून त्या हे करत नाहीत हे खरेच, पण दिवसभरात कितीदा तरी जमिनीला टेकून पुन्हा उभ्या राहतात. आणि तरण्या पोरांची तक्रार काय, तर "गावात धड जिम नाई, बॉडी कशी बनवाची?"

या तक्रारीचे उत्तर अमरावतीतच आहे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केले. त्या मंडळाचा चमू 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकवेळी गेला आणि त्याने कबड्डीसह देशी खेळ व व्यायामप्रकार जगापुढे करून दाखवले. जोर, बैठका, मलखांब, लाठी, लेझीम यांवर घडलेली ती शरीरे होती. आजच्या जिममधली यंत्रे त्या पोरांनी पाहिलीसुद्धा नसतील.

वजन लोखंडाचे आहे की तुरीच्या कट्ट्याचे, हे स्नायूला कळत नाही. त्याला ताण कळतो. हलके वजनसुद्धा स्नायू थकेपर्यंत उचलले तर ताकद आणि आकार दोन्ही वाढतात, हे आता अनेक प्रयोगांतून दिसले आहे. अट एकच: शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत, आणि जड जाणे थांबले की व्यायाम अवघड करत न्यायचा. घरच्या व्यायामाने फरक पडत नाही म्हणणारे बहुतेक जण इथेच अडतात. दोन वर्षे त्याच वीस बैठका त्याच वेगाने मारल्या तर शरीर वीस बैठकांपुरतेच तयार होते.

जोर घ्या. जमिनीवर एकही जमत नसेल तर भिंतीपासून हातभर दूर उभे राहून भिंतीवर मारा. ते सोपे झाले की अंगणातल्या ओट्यावर हात टेकवून. मग जमिनीवर गुडघे टेकवून, आणि शेवटी पुरा जोर. बैठकांचेही तसेच. आधी बाजेच्या कडेवर बसून हात न टेकता उठायचे, मग बाजेला नुसते टेकून, मग बाज दूर सारून. वजन हवे तर पाण्याची बादली आहेच. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो.

जोर-बैठकांत आणि सूर्यनमस्कारांत मात्र एक उणीव आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन प्रचार केला आणि ते घरोघरी पोचले. एवढ्याशा जागेत सगळे अंग हलवणारा दुसरा व्यायाम मलाही सुचत नाही. पण त्यात ढकलणे आहे, वाकणे आहे, ओढणे नाही. पाठीचे आणि खांद्यामागचे स्नायू ओढण्याने तयार होतात. पूर्वी विहिरीचे पाणी शेंदताना ते आपोआप व्हायचे. बोअर आले, नळ आले, पाठीचा तो व्यायाम गेला. (पाणी शेंदायचे दिवस परत यावेत असे कोणतीही बाई म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही.) एक हात बाजेवर टेकवून, पाठ सरळ ठेवून कमरेत वाकायचे आणि दुसऱ्या हाताने बादली कमरेपर्यंत ओढायची. प्रत्येक हाताने दहा-बारा वेळा केले की ती उणीव भरून निघते.

"दिवसभर वावरात राबतो, आमाले कायचा व्यायाम?" हे वाक्य वऱ्हाडात इतके ऐकू येते की त्याला धड नाही म्हणवत नाही आणि हो म्हणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींत शेतातले आणि घरातले काम हालचालीत मोजले आहे. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे त्या सांगतात. एका वेळी निदान दहा मिनिटे सलग हवीत ही जुनी अटही त्यांनी काढून टाकली. झाडणे, पाणी भरणे, वावरात पायी जाणे, सगळे धरायचे. पण त्याच शिफारशींत आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे, आणि पासष्टीपुढच्यांसाठी तीन दिवस तोल आणि ताकदीचा सराव. निंदण काढताना बाई तासन् तास एकाच बाजूला वाकलेली असते. त्यात कष्ट भरपूर, पण अंगाला सगळीकडून ताण बसत नाही, आणि कंबर धरते ती वेगळीच. अशा बाईला आणखी घाम गाळायला सांगण्यात अर्थ नाही. तिला पाठ मागे ताणणारी दोन आसने, थोडे ओढण्याचे काम आणि पुरेशी झोप हवी.

शिवाय आता सगळे वावरात राबतात कुठे? वावर ट्रॅक्टरने, पेरणी यंत्राने, जाणे-येणे मोटारसायकलने, आणि "मी शेतकरी आहे" हा आधार मात्र जुनाच.

मोबाइलवर पावले मोजणाऱ्यांचा गैरसमज उलट टोकाचा. दहा हजार पावले झाली नाहीत तर चालणे वाया गेले असे त्यांना वाटते. हा आकडा डॉक्टरांनी शोधलेला नाही. जपानमध्ये 1965 साली बाजारात आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावात तो होता, आणि तिथून जगभर पसरला. पुढे अमेरिकेत सरासरी 72 वर्षांच्या 16,741 स्त्रियांचा अभ्यास झाला, तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण 41 टक्क्यांनी कमी दिसले, आणि 7,500 च्या आसपास हा फायदा वाढायचा थांबला. म्हातारीने सकाळी घरापासून स्थानापर्यंत जाऊन यावे, संध्याकाळी पुन्हा जावे, एवढ्यानेही बराच पल्ला गाठला जातो.

घाम आणि चरबीचा संबंध तर लगेच निकाली काढता येतो. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. मे महिन्यात वऱ्हाडात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा नुसते बसूनही सदरा भिजतो, म्हणून चरबी जळत नाही. पोटाला प्लास्टिक गुंडाळून पळणारा वजनकाट्यावर किलोभर हलका दिसतो आणि दोन तांबे पाणी प्यायला की होता तसा होतो. तो उद्योग उन्हाळ्यात जिवावर बेतू शकतो. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी उतरत नाही, हेही त्याच्याच जोडीला. चरबी कुठून उतरायची हे शरीर ठरवते.

"तो त कसा सडपातळ आहे, त्याले काय होते?" हा गैरसमज जास्त घातक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के. भारतीय माणूस बाहेरून बारीक आणि आतून चरबीचा असू शकतो, हे याहून सोपे करून कुणी सांगितलेले नाही. म्हणून काट्यासोबत शिंप्याचा टेपही हवा. कमर पुरुषांची 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या आत असावी, ही आपल्याकडची मर्यादा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यात सडपातळ माणसेही आहेत.

गुडघ्यांची भीती सगळ्यांत खोल. पन्नाशी आली की घरचेच सांगू लागतात, "माय, खाली नको बसू, गुडघे जातीन." मग खुर्ची येते, पंगत टेबलावर जाते, आणि पाच-सात वर्षांत खरोखरच उठवत नाही. गुडघेदुखीवरच्या उपचारांत आज मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाला पहिले स्थान आहे. ते स्नायू सांध्यावरचा भार वाटून घेतात. सांधा सुजला असेल, अडकत असेल तर आधी डॉक्टर, हे उघड आहे. पण नुसते कुरकुरणे किंवा उतरताना थोडे दुखणे म्हणजे बसणे कायमचे सोडण्याचे कारण नव्हे. उंच पाटापासून सुरुवात करावी आणि पाट हळूहळू खाली आणावा.

ब्राझीलच्या रिओमध्ये डॉ. क्लॉडिओ आराउजो यांनी यावर एक चाचणी बसवली आहे. अनवाणी उभे राहायचे, आधार न घेता जमिनीवर बसायचे आणि उठायचे. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात, गुडघा, कोपर टेकला की प्रत्येकी एक गुण वजा, तोल गेला की अर्धा. त्यांनी 51 ते 80 वयाच्या 2,002 लोकांची ही चाचणी घेतली आणि पुढची काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. 2012 साली निष्कर्ष आले: कमी गुण मिळालेल्यांत मृत्यूचे प्रमाण कितीतरी जास्त होते. मांडी घालून बसले की आयुष्य वाढते, असा याचा अर्थ लावू नये. मात्र ज्याला हात न टेकता उठता येते त्याच्या पायांत ताकद असते, घोटे-कमर मोकळी असते आणि तोल शाबूत असतो. म्हातारपणी माणूस पडतो की सावरतो ते यावर ठरते. ज्यांना गुडघे किंवा तोल यांचा त्रास आहे त्यांनी ही चाचणी कुणीतरी जवळ उभे असतानाच करावी. गुण कमी आले तर तोच व्यायाम समजावा: भिंतीचा आधार घेऊन रोज दोन-चारदा बसावे, उठावे, आणि दाराच्या चौकटीला हात ठेवून एका पायावर थोडे उभे राहावे.

छातीत दुखत असेल, थोड्या श्रमाने धाप लागत असेल, इन्सुलिन चालू असेल तर नवा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाब असणाऱ्यांनी जोर लावताना श्वास कोंडू नये. उन्हाळ्यात सगळे सकाळी आठच्या आत उरकावे.

राहिली प्रथिनांची पावडर. ताकद पिठाच्या डब्यातून येते असे समजून पोरे हजारो रुपये घालवतात, आणि घरात तूर, हरभरा, सोयाबीन पोत्यांनी असते. भारतीय शिफारशीप्रमाणे प्रौढाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला साधारण पन्नास ग्रॅम. दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून पंधराएक ग्रॅम मिळतात, पन्नास ग्रॅम तुरीच्या डाळीतून अकरा, मूठभर शेंगदाण्यांतून सात, पन्नास ग्रॅम हरभऱ्यातून दहा, पाव लिटर दुधातून आठ. बेरीज तिथेच पोचली. जोर-बैठका कसून मारणाऱ्याला यापेक्षा थोडे अधिक लागते, म्हातारपणीही लागते. त्यासाठी वरणाची आणखी एक वाटी किंवा दोन अंडी पुरतात. अडचण असते ती वरण पातळ आणि भाताचा ढीग मोठा असल्याची. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.