गोड्या पाण्याची बादली

मे महिन्याच्या शेवटच्या उधाणाला डहाणूच्या खाडीत घाई असते. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीत पाणी सगळ्यात वर चढतं, तेव्हाच होडी किनाऱ्यावर उंच ओढून घेता येते. ती भरती हुकली की पुढच्या उधाणापर्यंत थांबा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. हे ६१ दिवस माशांच्या विणीचे, तसे होडीच्या डागडुजीचे. धाकटी डहाणू असो की तलासरी तालुक्यातलं झाई, वाळूवर उलट्या घातलेल्या होड्या, ताडपत्र्या आणि रंगाचे डबे दिसू लागतात.

बुडाला चिकटलेले शिंपले खरवडणं, लाकडाच्या सांध्यांत दोरा ठासणं, फायबरच्या भेगा भरणं ही कामं सगळ्यांना दिसतात. न दिसणारं काम आहे ते मागे टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनाचं. हौसेने घेतलेल्या मोटरबोटीचं इंजिन असो की रोजच्या पोटापाण्याच्या लहान होडीचं, जात एकच आणि दुखणीही एकच. हौशी मालक फेरी मारून येतो, बोट बांधतो आणि घरी जातो. इंजिनाचा घात तिथेच होतो.

कारण हे इंजिन समुद्राचंच पाणी पिऊन थंड राहतं. खाली रबरी पात्यांची छोटी चकती असते, इम्पेलर. ती पाणी वर ओढते. इंजिन बंद केल्यावर आत राहिलेलं पाणी सुकतं आणि मीठ अॅल्युमिनियमच्या अरुंद वाटांत थर धरतं. म्हणून किनाऱ्याला आल्यावर पहिलं काम गोड्या पाण्याचं. खोल पिंपात इंजिनाचा पाय बुडवायचा आणि दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचं. उन्हाळ्यात ज्या वस्तीत प्यायच्या पाण्याची चणचण असते, तिथे हे पाणी इंजिनाला देणं सोपं नाही. पण जे देतात, त्यांचं इंजिन वर्षानुवर्षं चालतं, हे मी पाहिलंय.

गिअरचं तेल काढताना थांबून बघावं. तेल दुधासारखं पांढुरकं आलं, तर सील गेलं आणि आत पाणी शिरलं. बऱ्याचदा दोषी असतो पंख्यामागे गुंडाळलेला जाळ्याचा नायलॉनचा धागा. दिसायला क्षुल्लक, पण तो फिरत फिरत सील कापतो. म्हणून पंखा काढून, दांडा पुसून, ग्रीस लावून परत बसवायचा. शेजारी जस्ताचा तुकडा असतो. तो झिजतो म्हणून अॅल्युमिनियम वाचतं. अर्धा झिजला की बदलायचाच, आणि त्यावर रंग कधीच मारायचा नाही. रंगाखाली गेलेलं जस्त काही वाचवत नाही.

पेट्रोलची आणखी एक गोष्ट. आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळाभर टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल ऑगस्टमध्ये इंजिनाला पाजलं, तर कार्ब्युरेटर तुंबणार. बंदीच्या आधी टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करावेत.

नारळी पौर्णिमेच्या आसपास होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. इंजिन सुरू झालं की जाणत्या माणसाची नजर आधी मागे जाते, पाण्याची बारीक धार बाहेर पडते का, ते बघायला. धार आली नाही तर इंजिन तिथल्या तिथे बंद. धार आली, की मगच दोर सुटतो.