वरच्या दहा ओळी

सकाळी १०. मार्च महिना, त्यामुळे शेठचा पहिला प्रश्न ठरलेला : "येणं किती राहिलं?" आमचा धंदा मोटरपंप आणि पीव्हीसी पाइपच्या घाऊक विक्रीचा. गोडाऊन सांगलीत, पार्ट्या म्हणजे तालुक्यातालुक्यातले दुकानदार. हिशेब टॅलीत असतो, पण शेठना लागते एक्सेलची यादी, आणि तिच्याही वरच्या दहा ओळीच ते वाचतात. अकराव्या पार्टीला त्या दिवशी फोन जात नाही. तेव्हा वर कोण बसणार हे ठरवणं, ही माझी नोकरी. कार्डावर एमआयएस एक्झिक्युटिव्ह असं लिहिलंय.

१०.३०. टॅलीतून येणी एक्स्पोर्ट केली. लगेच सॉर्ट मारायचं नाही. रकमेपुढे दिसणारं डेबिट-क्रेडिट हे सेलच्या फॉरमॅटमध्ये असतं, आकड्यात नसतं. दिसायला ४,१५,००० क्रेडिट, एक्सेलच्या लेखी नुसते ४,१५,०००. उतरत्या क्रमानं लावलं की सीझनसाठी आगाऊ पैसे भरणारा माणूसच थकबाकीदारांच्या डोक्यावर बसतो. म्हणून आधी जमेच्या रकमांना उणे चिन्ह. शिवाय डावीकडे १, २, ३ असे क्रमांक ओढून ठेवते. नंतर कितीही उलथापालथ झाली तरी त्यावरून मूळ क्रम परत मिळतो.

११.३०. तारखा. सेल्समन मंडळींच्या वसुलीच्या शीट व्हॉट्सॲपवर येतात. कुणी १२/०३ लिहितो, कुणी १२.०३.२०२५ असं टिंब देऊन. टिंबवाली तारीख आमच्या पीसीवरचं एक्सेल मजकूर समजतं. अलाइनमेंट कुणी हलवली नसेल तर खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला असते, मजकूर डाव्या. नजर फिरवली की कळतं. तशीच चढत्या क्रमानं लावली तर खऱ्या तारखा आधी, टिंबवाल्या सगळ्या खाली, आणि त्यांच्यातही ०१.०३ च्या पाठीमागे ०२.०१, म्हणजे मार्चनंतर जानेवारी. टेक्स्ट टू कॉलम्समध्ये जाऊन डीएमवाय निवडलं की त्या सरळ होतात.

१२.३०. नावानं लावलेली यादी शेठना नको असते, मला हवी असते. एकच दुकान कुठे 'श्री'च्या एका स्पेलिंगनं, कुठे दुसऱ्या, कुठे मेसर्स लावून 'एम'मध्ये जाऊन बसलेलं. कुणाच्या नावाआधी स्पेस पडली असेल तर तो सगळ्यांच्या वर. उधारी अशी तीन ठिकाणी फुटली की त्यातली एकही रक्कम वरच्या दहात येत नाही. मी हे निस्तरते, पण काही पार्ट्यांना ते सोयीचंच होतं, असा माझा संशय आहे.

१.३०. डबा.

२. आता खरा प्रश्न : रक्कम की दिवस? रकमेनं लावलं तर दरवेळी तीच मोठी दुकानं वर. त्यांचं खातं चालू असतं, महिन्याभरात चेक येतो, तरी फोन त्यांनाच. सहा महिने जुने चाळीस हजार खालीच राहतात. बरं, पहिली पातळी दिवस आणि दुसरी रक्कम असं लावावं, तर दिवसांचे आकडे सहसा जुळत नाहीत आणि दुसऱ्या पातळीला कामच उरत नाही. म्हणून दिवसांचे गट करते : ३० पर्यंत, ६० पर्यंत, ९० पर्यंत, त्यावर. सर्वांत जुना गट वर, आणि गटाच्या आत रक्कम उतरती.

३.३०. तासगाव लाइनचा सेल्समन हजर. "मॅडम, आटपाडी पहिली कशाला? गाडी तासगावातनं निघणार की." इंग्रजी अक्षरांच्या हिशेबानं आटपाडी, भिवघाट, खानापूर, तासगाव, विटा; रस्ता नेमका उलट्या टोकाकडून. कस्टम लिस्टमध्ये तासगाव, विटा, खानापूर, भिवघाट, आटपाडी हा क्रम भरून दिला. एप्रिल ते मार्चही तसाच भरलाय, कारण एक्सेलचं तयार वर्ष जानेवारीत सुरू होतं. जाता जाता म्हणाला, "तासगावची नावं खाली ढकला, बेदाण्याचे सौदे होऊ द्यात." ढकलली नाहीत. शेरा लिहिला, शेवटच्या कॉलममध्ये. शेठ तिथवर जात नाहीत.

५. पाठवण्याआधी चार-पाच बिलं उघडून ओळी ताडून बघते. नुसती बेरीज जुळली म्हणून विश्वास ठेवायचा नाही. मागच्या नोकरीत एका साहेबांनी फक्त रकमेचा कॉलम निवडून सॉर्ट केला होता. एक्सेलनं 'सिलेक्शन वाढवू का' विचारलं, त्यांनी नको म्हटलं. नावं जागेवर, रकमा भलत्यांच्या पुढे. आणि एकूण बेरीज पैशापर्यंत बरोबर!

६. यादी शेठपुढे. पहिल्या ओळीवर बोट. "हा कोण? ह्याचं नाव कधी बघितलं नाही मी." मी म्हटलं, सात महिने झालेत. त्यांनी लगेच स्पीकरवर फोन लावला. पलीकडून आवाज आला, "शेठ, मला वाटलं तुम्ही सोडून दिले."