खडकवासल्याची स्मृतिकुटी

पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे आपली एनडीए. तिथलं ‘हट ऑफ रिमेम्बरन्स’ मला फार जवळचं वाटतं. प्रबोधिनीत शिकून गेलेल्या आणि कर्तव्यावर असताना प्राण दिलेल्या माजी छात्रांची नावं तिथे कोरलेली आहेत. ही वास्तू छात्रांनीच श्रमदानातून उभारली. शाळेतल्या सोबत्यांचं स्मारक सोबत्यांच्याच हातचं, याहून योग्य काय असणार!

त्यांतले तिघे परमवीरचक्राचे मानकरी. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया 1961 साली काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत लढताना गेले. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत पेटलेल्या रणगाड्यातून लढत राहिले; वय अवघं 21. कॅप्टन मनोजकुमार पांडे 3 जुलै 1999 रोजी कारगिलच्या युद्धात, खालुबारवर. ते 24 वर्षांचे होते, 90व्या कोर्सचे.

तिथे ‘कोर्स’ला मोठा अर्थ असतो. एकत्र दाखल झालेली मुलं तीन वर्षं एकत्र धावतात, शिकतात, शिक्षाही भोगतात. म्हणून सगळ्या देशाला जो वीर ठाऊक असतो, तो कोर्समेटांना आधी शेजारच्या खोलीतला मुलगा म्हणून आठवतो. पंचवीस वर्षांनी बॅच पुन्हा जमते, तेव्हा केस पिकलेले अधिकारी इथे पुष्पचक्र वाहतात. समोर कोरलेलं नाव मात्र विशी-पंचविशीतच थांबलेलं असतं.

तुमच्या वर्गातलं असं कुणी असेल, तर कमेंटमध्ये त्याची एखादी आठवण जरूर लिहा.