गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सह्याद्रीत दर रविवारी भटकणाऱ्यांच्या मनात कधीतरी हिमालय येतोच आणि मग चौकशी सुरू होते ती ‘बेसिक’ची. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ साली, एव्हरेस्टवर माणसाचं पाऊल पडल्यानंतर दीड वर्षात उभी राहिली. तेनसिंग नोर्गे तिथले प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे पहिले संचालक. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ची. मनालीलाही अशी संस्था आहे. साधारण चार आठवड्यांत इथे नवख्याला कातळावर आणि बर्फावर वावरायला शिकवतात. तिथे जाणाऱ्यांचा उत्साह दांडगा असतो, पण सोबत काही चुकीच्या समजुतीही जातात. त्या निघण्याआधीच दूर झालेल्या बऱ्या.

गैरसमज १: इतके किल्ले केलेत, बेसिकची गरज काय?

वस्तुस्थिती: सह्याद्री पाय तयार करतो, दम वाढवतो, उघड्या कड्याची भीती घालवतो. ही शिदोरी मोलाची आहे, पण अपुरी. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. बेसिकमधले हिमनदीवरचे धडे याच्या दुपटीहून अधिक उंचीवर होतात. हिमाखाली लपलेली भेग, दुपारच्या उन्हात मऊ पडणारा उतार, हिमप्रपाताची शक्यता यांतलं काहीच आपल्याकडे अनुभवायला मिळत नाही. तिथे अनुभवी ट्रेकरही नवखाच असतो, आणि हे मान्य करणारा लवकर शिकतो.

गैरसमज २: प्रस्तरारोहण म्हणजे दंडातली ताकद.

वस्तुस्थिती: चढायचं असतं पायांनी, हात मुख्यतः तोल सांभाळतात. नवखा माणूस घाबरून कातळाला बिलगतो. त्यामुळे त्याला पावलं ठेवायच्या जागा दिसत नाहीत, वजन पायांवर सरळ येत नाही आणि बूट घसरतो. अंग कातळापासून थोडं दूर, टाच खाली, नजर पायांकडे, आणि दोन हात-दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले, ही खरी बैठक. आपल्या बेसॉल्टवर आणखी एक सवय हवी: प्रत्येक होल्ड भार देण्याआधी हाताने ठोकून, हलवून पाहणं. आणि दगड सुटलाच, तर खालच्यांना ओरडून सावध करणं.

गैरसमज ३: दोर बांधला की जीव सुरक्षित.

वस्तुस्थिती: दोराइतकंच महत्त्व तो धरणाऱ्याला, तो ज्यात अडकवला त्या अँकरला आणि दोराच्या जातीला. डायनॅमिक दोर ताणला जातो आणि पडणाऱ्याचा झटका शोषून घेतो. स्टॅटिक दोर फारसा ताणला जात नाही. तो रॅपलिंगला (दोरावरून खाली उतरायला) किंवा फिक्स रोप म्हणून चांगला, पण लीड क्लाइंबिंगला, म्हणजे सर्वांत पुढे दोर नेत चढताना, तो वापरला तर पडल्याचा सगळा हिसका शरीरावर आणि अँकरवर येतो. कॅरॅबिनरचंही तसंच. बंद असताना साधारण दोन टन भार पेलणारी ही कडी, तिचं दार उघडं राहिलं तर जेमतेम त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा भार घेते. म्हणून स्क्रू फिरवून दार पुन्हा दाबून बघायचं. बिले देणाऱ्याचा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर धरणाऱ्याचा, ब्रेकचा हात दोरावरून क्षणभरही सुटता कामा नये, अगदी घाम पुसायलासुद्धा नाही. आणि चढाई सुरू होण्याआधी दोघांनी एकमेकांचे हार्नेसचे बकल, गाठ आणि कॅरॅबिनर तपासायचे. जोडीदार कितीही जुना असला तरी.

गैरसमज ४: चढणं अवघड, रॅपलिंग म्हणजे मजा.

वस्तुस्थिती: दम कमी लागतो, म्हणून धोका कमी असं नाही. चढताना आधी हात-पाय असतात, दोर हा दुसरा आधार. रॅपलिंगमध्ये सगळं वजन दोरावर आणि अँकरवर. तिथे चूक झाली तर सावरायला काही उरत नाही. त्यात हे काम बहुधा दिवसाच्या शेवटी, थकलेल्या डोक्याने होतं. दोराच्या टोकाला गाठ मारणं, प्रुसिकचा (दोरावर आवळून बसणाऱ्या गाठीचा) जादा आधार घेणं, कड्याच्या धारेवर दोर घासत नाही ना ते पाहणं, हे दर वेळी करायचं. पावसाळ्यात धबधब्यातल्या रॅपलिंगला पैसे भरण्याआधी संयोजकाला या तिन्ही गोष्टी विचाराव्यात. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. मध्येच कुणी अडकलं तर काय करणार, तेही विचारावं.

गैरसमज ५: पायात क्रॅम्पॉन, हातात आइस ॲक्स, मग घसरायची भीती नाही.

वस्तुस्थिती: क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे धातूचे दात, घालून चालणं नव्याने शिकावं लागतं. पाय थोडे फाकवून टाकायचे, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्याच्या पँटमध्ये अडकतात. कमी चढावर तळव्याचे सगळे दात रुतवायचे, उभ्या चढावर पुढचे. ओलं हिम तळाशी चिकटलं की दात निकामी होतात. ते ॲक्सने ठोकून पाडायचं. घसरलात तर सेल्फ अरेस्ट: ॲक्सचं डोकं खांद्याजवळ, दुसरा हात दांड्यावर, पालथं होऊन छातीचा भार टाकत पातं हिमात रुतवायचं. क्रॅम्पॉन असतील तर पावलं वर उचललेली हवीत, नाहीतर दात अडकून माणूस उलटा फेकला जातो. हे पहिल्या क्षणातच जमायला हवं, वेग वाढला की हाती काही राहत नाही. कडक बर्फावर तर अनेकदा जमतच नाही. म्हणून न घसरता पाऊल टाकणं हेच मुख्य कौशल्य.

गैरसमज ६: तब्येत दणकट असेल तर उंची बाधत नाही.

वस्तुस्थिती: साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. त्याच्याशी जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात, आणि रोज दहा किलोमीटर धावणाऱ्यालाही यात सवलत नाही. उलट तो भरभर चढून जास्त लवकर अडचणीत येऊ शकतो. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा रूढ नियम. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर लपवू नका. सांगा आणि आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागणं, बोलण्यात गोंधळ, चालताना झोक जाणं, ही तातडीने खाली उतरण्याची लक्षणं आहेत.

गैरसमज ७: संस्थेत धोका नसतो, आणि ‘ए’ ग्रेड मिळाली की माणूस तयार झाला.

वस्तुस्थिती: ४ ऑक्टोबर २०२२ रोजी गढवालमधल्या द्रौपदी का डांडा-२ शिखराच्या मोहिमेत नेहरू संस्थेच्या ॲडव्हान्स कोर्सची तुकडी हिमप्रपातात सापडली. शोधमोहिमेत २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघे तेव्हा बेपत्ता होते. त्यांत प्रशिक्षकही होते. चांगलं प्रशिक्षण धोका कमी करतं. डोंगरातून तो काढून टाकणं कोणाच्याच हातात नाही. ‘ए’ ग्रेडमुळे ॲडव्हान्स कोर्सचं दार उघडतं, एवढंच. गाठी आणि अरेस्ट सरावाअभावी काही महिन्यांत विसरायला होतात.

म्हणून जाण्याआधी काही महिने पाठीवर वजन घेऊन चढा-उतरा, आणि गावातल्या गिर्यारोहण संस्थेत गाठी व बिले शिकून घ्या. परत आल्यावर त्याच संस्थेत नव्या मुलांबरोबर सराव चालू ठेवा. बेसिक शिखरं मोजण्यासाठी नसतो. दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाने निर्धास्त चढावं, इतकं भरवशाचं होणं आणि हवा बिघडली की त्याच्यासाठीही परत फिरणं, हे तिथे शिकायचं असतं. ते ज्याला जमलं, त्याचा कोर्स सार्थकी लागला.