साहेबांचा आवाज आणि कामगाराचे पोट

शिरोली एमआयडीसीतील कोणतीही फौंड्री डोळ्यांपुढे आणा. कास्टिंगमध्ये फुगे निघाल्याने माल परत आलेला असतो. डिप्लोमा करून नुकताच लागलेला सुपरवायझर पन्नाशीच्या मोल्डरवर चारचौघांत ओरडतो, "डोळे फुटले होते काय?" मोल्डर मान खाली घालून "चुकलं साहेब" म्हणतो. वाळूत ओल जास्त होती हे त्याला ठाऊक असते, पण तो बोलत नाही. दुपारी डबा घशाखाली उतरत नाही, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही आणि घरी पोरगा आयताच तावडीत सापडतो. दुसऱ्या दिवशी वाळू तशीच ओली!

आरोग्याच्या सदरात वाळू कशाला, असे वाचक विचारतील. सततच्या ताणाने रक्तदाब वाढतो, झोप उडते, तंबाखू आणि दारू जवळची वाटू लागते, हे डॉक्टर मंडळी नेहमी सांगतात. कामावरचा पुष्कळसा ताण येतो तो एकमेकांच्या बोलण्यातून. या बोलण्याचा उलगडा करणारी एक पद्धत आहे, ट्रान्झॅक्शनल अॅनालिसिस, म्हणजे व्यवहार विश्लेषण. व्यवहार पैशाचा नव्हे, बोलाचालीचा.

ही पद्धत मांडली डॉ. एरिक बर्न या मानसोपचारतज्ज्ञांनी. ते १९१० साली कॅनडात जन्मले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. मनोविश्लेषकांच्या संस्थेने १९५६ मध्ये त्यांना सभासदत्व नाकारले, तेव्हा त्यांनी स्वतःची वाट धरली. डॉक्टर काय बोलतो ते रुग्णाला कळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९६४ सालच्या 'गेम्स पीपल प्ले' या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या.

बर्न यांच्या मते प्रत्येकाच्या मनात तिघेजण नांदतात: पालक, प्रौढ आणि बालक. पालक म्हणजे लहानपणी ऐकलेले वडीलधाऱ्यांचे बोल, मायेचे आणि दटावणीचेही. बालक म्हणजे आपले जुने रुसणे, भिणे, खेळणे. प्रौढ समोरची वस्तुस्थिती पाहून हिशेब करतो. वयाचा इथे संबंध नाही. फौंड्रीत पंचविशीचा सुपरवायझर पालक झाला आणि पन्नाशीचा मोल्डर बालक! "मामा, किती नग गेले? वाळूची ओल कधी तपासली होती?" असे विचारले असते, तर प्रौढाशी प्रौढ बोलला असता आणि ओलीचा मुद्दा तिथेच निघाला असता.

दुसरी गोष्ट दखलीची. माणसाला अन्नासारखी दखलही लागते, आणि चांगली मिळाली नाही तर तो शिव्या खाऊनही ती मिळवतो. वरचेवर चूक करून बोलणी खाणारा कारकून दूध संस्थेत, बँकेत, शाळेत, सगळीकडे सापडेल. "पगार घेतोस ना, मग शाबासकी कसली?" हा आपल्याकडचा हिशेब फार महाग पडतो, असे मला वाटते.

हे शिकवणारे व्हायचे तर मात्र सबुरी हवी. भारतात ही पद्धत रुजवण्याचे मोठे काम केरळातले जेझुइट धर्मगुरू फादर जॉर्ज कांडथिल यांनी सत्तरच्या दशकापासून केले. प्रशिक्षणाची पहिली पायरी म्हणजे '१०१' नावाचा ओळखवर्ग, साधारण २ दिवसांचा. पुढे समुपदेशन, शिक्षण, मानसोपचार आणि संस्था-संघटना अशा चार शाखा. आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी अभ्यास, प्रत्यक्ष काम आणि जाणकारांची देखरेख मिळून सुमारे २००० तास भरावे लागतात. लेखी परीक्षेनंतर परीक्षक मंडळासमोर आपल्याच कामाचे ध्वनिमुद्रण ऐकवून उत्तरे द्यावी लागतात. यात वर्षे जातात. शिकणाऱ्याला आपल्यातला दटावणारा पालकही तपासावा लागतो, आणि अनेकांना तेच जड जाते.

संस्थांच्या शाखेत सर्वांत महत्त्वाचा धडा कराराचा. १९७५ मध्ये फॅनिटा इंग्लिश यांनी त्रिकोणी करार मांडला. फी भरतो मालक, वर्गात बसतात कामगार, शिकवतो तिसराच. मग वर्गात बोललेले ऑफिसात पोहोचणार का? कोणाकडून काय अपेक्षा आहे? हे तिघांत आधीच उघड ठरले नाही, तर कामगार तोंड उघडत नाही. उघडले तर साहेबांना आवडेल तेवढेच बोलतो. कारखान्यात किंवा पतसंस्थेत एखादा वक्ता 'व्यक्तिमत्त्व विकास' घेऊन आला, तर त्याला हा प्रश्न अवश्य विचारावा. टाळ्या आणि चहा-बिस्किटांवर भागणार असेल, तर ती करमणूक समजावी.

रक्तदाबाची गोळी यामुळे बंद करायची नाही, आणि फार दिवसांची उदासी किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार असतील तर थेट मानसोपचारतज्ज्ञच गाठावा. ओळखवर्गाला पदवीची अट नसते. सुपरवायझर, शिक्षक, दूध संस्थेचे सचिव कोणीही बसू शकते. मात्र त्या २ दिवसांच्या दाखल्यावर कोणाला समुपदेशक म्हणून पाटी लावता येत नाही.